'नाही'नंतरचे ३ सेकंद

श्रोतेहो, नमस्कार.

गोड बोलणं वेगळं आणि मऊ बोलणं वेगळं. गोडवा काम होईपर्यंत टिकतो, आणि ऐकणाऱ्याला तो चटकन ओळखू येतो. समोरच्याचं मन वळवणाऱ्या मऊ बोलण्याचा जीव शब्दांपेक्षा थांबण्यात असतो.

आपण थांबतो तरी किती? २००९ साली दहा भाषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम पाव सेकंद, किंवा त्याहूनही कमी वेळ जातो, असं त्यात दिसलं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला वर्गातही अशीच घाई आढळली. प्रश्न विचारून शिक्षक सेकंदभरच थांबत. तो वेळ ३ सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. थांबायच्या जागा तिने दोन सांगितल्या: एक प्रश्नानंतर, दुसरी उत्तरानंतर.

ही दुसरी जागा आपण हमखास चुकवतो. समोरच्याच्या तोंडून 'नाही' पडलं रे पडलं, की आपलं 'अहो, पण' तयारच. त्या 'नाही'नंतर मनात तीन अंक मोजा. पुष्कळदा माणूस आपणहून पुढे बोलतो आणि खरी अडचण तिथे बाहेर येते. पहिलं कारण बहुधा सांगण्यापुरतंच असतं.

आता शब्दांकडे. 'का नाही केलंस?' म्हटलं की ऐकणारा बचावाला लागतो, 'कुठे अडलं?' म्हटलं की कामाकडे बघतो. 'तुझं बरोबर आहे, पण' यातला 'पण' आधीचं सगळं पुसून टाकतो. तिथे वाक्य संपवा, थांबा, मग आपलं म्हणणं नवीन वाक्यात मांडा. 'करावंच लागेल' याने तर हट्टच वाढतो. निवड हिरावली जातेय असं वाटलं की माणूस तीच घट्ट धरतो, हे मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्येच मांडलं होतं. म्हणून 'आज जमेल की उद्या?' असं विचारा. मात्र 'उद्या' हे उत्तर खरोखर चालणार असेल तरच. खोटी निवड लगेच उघडी पडते.

आवाजाचंही तंत्र आहे. समोरचा चिडलेला असताना अगदी संथ, थंड आवाज लावला तर त्याला ती बेपर्वाई वाटते, कधी चेष्टाही. त्याच्यापेक्षा किंचितच खाली सुरुवात करा आणि वाक्यागणिक उतरत या. 'शांत हो' हे दोन शब्द तेवढे टाळा. त्यांनी कोणी शांत झालेलं ऐकिवात नाही.

आणि होकार मिळाला की उरलेली कारणं गिळून टाका. जास्तीचं एक कारण नवी शंका काढतं. फक्त दिवस आणि वेळ ठरवा.