बऱ्हाणपूरचं पाणी आणि आप्पांचा थर्मास

नमस्कार श्रोतेहो. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की रावेर मागे पडतं आणि पुढे बऱ्हाणपूर येतं. लगेच कुणी म्हणेल, ते तर मध्य प्रदेशात. असू द्या. फारुकी सुलतानांनी खानदेशचा कारभार तिथूनच हाकला. नकाशावरची रेघ फार नंतरची.

तर आम्ही चौघे मित्र गेलो. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. ठेचा खलबत्त्यातला हं. मिक्सरमधून काढलेल्याला मी ठेचा म्हणत नाही, मग घरात कुणाला राग आला तरी चालेल. एक गोष्ट ध्यानात ठेवा : आधी कुंडी भंडारा, म्हणजे गावाला पाणी पुरवणारा जमिनीखालचा जुना बोगदा, मग किल्ला, मग जिलेबी. आणि टॉवेल न्या.

आमच्यातले आप्पा रावेरकडचे केळीवाले. तीन बोअर आटलेल्या, चौथी 700 फुटांवर धूळ फेकते. गाडीतच कुरकुरले, "विहिरीच पाहायच्या तर मी घरीच होतो ना भो."

कुंडी भंडाऱ्यात लिफ्टने सुमारे 80 फूट खाली उतरतात. उतरलो. चपला वर, पाय घोटाभर गार पाण्यात, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. आम्ही तिघे फोटो काढत होतो. आप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, वाकले, तळहात पाण्यात आडवा धरला आणि तसेच राहिले. बराच वेळ. मग हळू आवाजात म्हणाले, "भो, हे चालतंय. हाताला ढकलतंय."

"चालणारच. मोटर असेल कुठंतरी," नाना म्हणाले.

मोटर नाही, श्रोतेहो. पुन्हा सांगतो, मोटर नाही. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे सरकतो. ते पाणी वाटेतच बोगद्यात घेतलं, बोगद्याला उतार दिला, वर शंभरेक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं, काढल्या आणि पाणी आपल्या पायांनी शहराकडे निघालं. हे 1615 च्या सुमाराचं काम. करवून घेणारा अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे हिंदीच्या तासाला आपण ज्याचे दोहे पाठ केले तोच रहीम.

वर आलो. नानांना भूक लागलेली. आप्पा म्हणाले, "अजून एक चक्कर." नाना वैतागले, तोवर आप्पांनी पिशवीतला थर्मास काढला, चौघांचा चहा लिंबाच्या बुंध्याशी ओतला आणि रिकामा थर्मास घेऊन पुन्हा लिफ्टमध्ये शिरले! वेलदोड्याचा चहा होता, श्रोतेहो. मी अजून विसरलेलो नाही. पंधरा मिनिटांनी वर आले ते थर्मास पोटाशी धरून, लेकरू धरावं तसे.

दशम्या तिथंच सावलीत सोडल्या. आप्पा जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

किल्ल्यातला शाही हमाम बघाच. आम्ही माना वर करून छताची नक्षी बघत होतो, आप्पा खाली वाकून पाणी कुठून यायचं ते शोधत होते. मुमताज महल 1631 मध्ये याच गावात, चौदाव्या बाळंतपणात गेली. आधी तापीपलीकडे पुरली, काही महिन्यांनी आग्र्याला नेली. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंगही 1667 मध्ये इथंच वारले; त्यांची छत्री नदीकाठी आहे. आम्हाला तिथवर जाणं जमलं नाही, कारण मला उगीच घाई आवडत नाही. चार ठिकाणं धावत बघण्यापेक्षा दोन बसून बघावीत. जामा मशिदीत मात्र जा. तिथं अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे.

मग जिलेबी. बऱ्हाणपूरची मावा जिलेबी जाड, काळपट तपकिरी, चावली की पाक हनुवटीवर. गरमच खा. घरी न्यायला दराबा नावाची मिठाई घ्या, ती टिकते. आधी कुंडी, मग किल्ला, मग जिलेबी. हा क्रम मोडू नका. इतकी जिलेबी खाल्ल्यावर माणूस खाली वाकू शकत नाही.

रात्री आप्पांना घरी सोडलं. थर्मास ओट्यावर ठेवून ते हातपाय धुवायला गेले. ते पाणी सकाळी केळीच्या शेतात नेऊन भावकीला दाखवायचं होतं त्यांना.

परत आले तर थर्मास घासून पालथा घातलेला.

"अगं, आतलं काय केलंस?"

वहिनी म्हणाल्या, "चहा कुठं होता त्यात? नुसतं पाणी होतं. तुळशीला घातलं."