ओरांगउटान परत रानात कसा जातो

मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे रान. सरळ मराठीत रानमाणूस. बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग म्हणजे कालिमांतान. तिथे या रानमाणसांसाठी बोर्निओ ओरांगउटान सर्व्हायव्हल फाउंडेशन ही संस्था १९९१ पासून काम करते. तिचं न्यारू मेंतेंग हे केंद्र १९९९ मध्ये पालंकाराया शहराजवळ सुरू झालं. एके काळी तिथे एकाच वेळी सहाशेच्या वर ओरांगउटान होते. आजचं बोलणं या केंद्रापासून सुरू करतो, पण संपवणार आहे ते एका कालव्यावर. का, ते ओघात येईल.

ओरांगउटानचं पिल्लू सहा-सात वर्षं आईला सोडत नाही. पहिली दोन वर्षं तर ते तिच्या अंगालाच चिकटलेलं असतं. त्यामुळे केंद्रात पिल्लू आलं की त्याची आई मेली असंच धरायचं, कारण ती जिवंत असताना ते कुणाच्या हाती लागत नाही. तेलताडाच्या लागवडीसाठी जंगल तुटतं, उपाशी मादी ताडाच्या रोपांचे कोवळे कोंब खायला येते आणि उपद्रवी म्हणून मारली जाते. पिल्लू कुणाच्या तरी घरी भात, बिस्किटं आणि डब्यातल्या गोड दुधावर वाढतं. ते दात दाखवायला लागलं की घरचे लोक वन खात्याला कळवतात. तोवर आईकडून शिकायची वर्षं निघून गेलेली असतात. मादी सात-आठ वर्षांतून एकदा विते, तेव्हा एक मादी गेली तर ती खोट किती वर्षांनी भरून निघेल याचा हिशेब तुम्हीच करा.

आल्यावर आधी विलगीकरण, निदान दोन-तीन महिने. क्षय, हिपॅटायटिस आणि जंत या मुख्य तपासण्या. क्षयाची चाचणी ही कायमची डोकेदुखी आहे. माणसाला त्वचेत टोचून करतात ती चाचणी ओरांगउटानात बऱ्याचदा आजार नसतानाही होकारार्थी येते. म्हणून छातीचा एक्स-रे, रक्त आणि श्वासनलिकेतला नमुना हे सगळं एकत्र ठेवून निर्णय घ्यावा लागतो. नमुने घ्यायचे तर भूल द्यावी लागते, आणि अशक्त पिल्लाला भूल हाच एक धोका असतो.

जंतांचं गणित वेगळं आहे. रानातला ओरांगउटान रोज संध्याकाळी नवं घरटं करतो, कालच्या विष्ठेजवळ आज झोपत नाही. पिंजऱ्यात मात्र त्याच फळ्यांवर रोज निजणं आलं. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा बारीक जंत कातडीतून आत शिरतो आणि त्याच जागी पुन्हापुन्हा लागण करत राहतो. लहान पिल्लं त्याने मरतात. औषध आहे, पण फरशी रोज धुणं, विष्ठा लगेच उचलणं आणि जमीन कोरडी ठेवणं हे झालं नाही तर औषध वाया जातं.

मोठ्यांमध्ये सगळ्यात चिवट दुखणं हवेच्या पिशवीचं. ओरांगउटानच्या गळ्याखाली जी लोंबती पिशवी दिसते ती आतून थेट काखेपर्यंत पसरलेली असते आणि स्वरयंत्राशी जोडलेली असते. सर्दी झाली की शेंबूड मागच्या मागे त्या पिशवीत उतरतो आणि तिथून त्याला बाहेर यायला वाट नसते. आठवड्याभराने तोंडाला घाण वास येतो, पिशवी दाबली तर आत पू हलताना कळतो, जनावर खाणं टाकतं. पू फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया. मग भूल देऊन पिशवीला छेद, पू काढणं, धुणं, आणि कधी कधी त्या छेदाचं तोंड बरेच दिवस उघडंच ठेवणं. टाका घातला की ते महाशय दुपारपर्यंत उसवून मोकळे होतात! ही सर्दी बहुतेक वेळा येते माणसाकडून. म्हणून मुखपट्टी आणि हात धुणं हे तिथे कोविडच्या आधीपासूनचं आहे, आणि २०२० च्या मार्चमध्ये रानात सोडण्याचं काम थांबवलं गेलं ते २०२१ च्या फेब्रुवारीतच पुन्हा सुरू झालं.

याच काळात रक्तावरून उपजातही ठरवतात. मध्य कालिमांतानचा ओरांगउटान वेगळा, पूर्वेकडचा वेगळा. त्यांचे पूर्वज फार पूर्वी विलग झाले आहेत, तेव्हा चुकीच्या रानात सोडून सरमिसळ करायची नाही.

आता शाळा. शब्द खरंच 'वनशाळा' असाच आहे. आसपासच्या गावांतल्या दायक, म्हणजे बोर्निओच्या मूळ रहिवासी, बायका सकाळी पिल्लांना घेऊन केंद्राच्या आवारातल्या जंगलात जातात. अगदी लहान पिल्लाला आधी आठ-दहा फुटांवरच्या फांदीला लटकायला शिकवायचं, मग आणखी वर. खायचं काय, हा मोठा अभ्यासक्रम आहे. रानात शेकडो प्रकारची फळं, कोंब, पानं, वाळवी, साल. फळांचा हंगाम सरला की सालीच्या आतला ओला थर खाऊनच दिवस काढावे लागतात, आणि तो दातांनी कसा सोलायचा हे शिकवावं लागतं. ताई खाऊन दाखवते, पिल्लू तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघतं. रबरी साप पुढे टाकून ताई घाबरल्याचं नाटक करते आणि ओरडत पळते, कारण भीतीसुद्धा आईकडूनच यायची होती.

पण खरी परीक्षा घरट्याची. पक्की दुबेळकी फांदी निवडायची, भोवतालच्या तीन-चार जाड फांद्या मध्याकडे वाकवायच्या, पायाखाली दाबून धरत एकमेकींत अडकवायच्या, वर बारीक डहाळ्या, शेवटी पानांची गादी. सराईत मादी हे पाच-दहा मिनिटांत उरकते. शिकाऊ पिल्लू काय करतं? फांद्या वाकवायच्या ऐवजी तोडून ठेवतं. तोडलेली फांदी अडकून राहत नाही, सगळं घरटं खाली सरकतं. वाकवलेली पण न तुटलेली फांदी ही त्या घरट्याची तुळई असते, आणि ती किती वाकवायची हे हातालाच कळावं लागतं. इथे शाळेच्या वेळापत्रकातच एक खोट आहे. वर्ग दुपारनंतर सुटतो, पिल्लं रात्री पिंजऱ्यात झोपतात, आणि घरटं बांधायची वेळ असते संध्याकाळची. म्हणून काही पिल्लं दिवसा खेळ म्हणून सुरेख घरटं करतात आणि रात्र पडली की काय करायचं हे त्यांना सुचत नाही. मोठ्या वर्गातली जी पिल्लं संध्याकाळी ताईच्या हाकेला दाद न देता वरच राहतात, त्यांच्यावर खरं तर खूश व्हायला हवं.

सात-आठ वर्षांनी पाळी येते नदीतल्या बेटांची. काजा, सालात ही त्यांतली नावं. ओरांगउटान पोहत नाही, म्हणून पाणी हीच भिंत. तिथे पिंजरा नाही, फक्त माचांवर पूरक खाणं ठेवतात. निरीक्षक लिहून ठेवतात: कोण माचावरच बसून असतो, कोण जमिनीवर किती वेळ घालवतो, कोण रोज नवं घरटं करतो. जमिनीवर रेंगाळणारा आणि माणसाच्या मागे येणारा इथेच अडतो. वर्षानुवर्षं साखळीला बांधून ठेवलेले, दात काढलेले, हिपॅटायटिस असलेले असे काही इथून पुढे कधीच जात नाहीत. त्यांना जन्मभर सांभाळायचं असतं, आणि तो खर्च कुणाच्याही माहितीपत्रकात ठळक छापलेला नसतो.

सोडण्याचा दिवस छायाचित्रात सुंदर दिसतो, कामाच्या दृष्टीने तो सोपा. ट्रक, होडी, कधी हेलिकॉप्टर. वाटेत दर थोड्या वेळाने थांबून तपासणी. दार उघडलं, संपलं. अवघड त्यानंतरचं. गळ्यात पट्टा घालता येत नाही, गळ्याची पिशवी आणि त्याचे हात दोन्ही आड येतात. म्हणून खांद्यांच्या मध्ये कातडीखाली छोटा रेडिओ बसवतात. त्याची बॅटरी साधारण दोन वर्षं पुरते, आणि जनावर डोंगराआड गेलं की काही शे मीटरवरही आवाज येत नाही. सुरुवातीचे काही आठवडे पथक पहाटे घरट्याखाली हजर असतं आणि संध्याकाळी नवं घरटं होईपर्यंत दर दोन मिनिटांनी नोंद करतं: खातोय, फिरतोय, बसलाय. पहाटेचं पहिलं काम मात्र वेगळंच. घरट्याखाली प्लॅस्टिक धरून लघवी गोळा करायची आणि पट्टी बुडवायची. पट्टीवर कीटोन दिसले तर अंगातली चरबी जळतेय, म्हणजे पोट भरत नाही. दोन-तीन दिवस असंच राहिलं तर फळं पुरवायची की परत आणायचं, हे ठरवावं लागतं. दुरून धडधाकट दिसणारं जनावरसुद्धा ही पट्टी उघडं पाडते.

सोडायचं कुठे, हा प्रश्न बहुतेकांना सुचतच नाही. साधारण पाचशे मीटरच्या वर फळझाडं विरळ होतात, आणि सखल जंगलाला ताडाने खाल्लंय. जिथे रानटी ओरांगउटान भरपूर आहेत तिथे सोडायचं नाही, रोग जातील आणि भांडणं होतील. म्हणजे रान चांगलं हवं आणि तरी रिकामं हवं! अशी जागा सापडणं मुश्किल. बुकित बातिकाप हे त्यांतलं एक, २०१२ पासूनचं. पूर्वेकडे केहजे सेवेन हे ८६,४५० हेक्टर जंगल २०१० मध्ये संस्थेच्याच कंपनीने साठ वर्षांच्या परवान्यावर घेतलं. दायक वेहेआ भाषेत केहजे सेवेनचा अर्थही ओरांगउटानच.

आता आकडे शेजारीशेजारी ठेवू. २०१२ पासून आजवर संस्थेने रानात सोडलेले ओरांगउटान पाचशेच्या आसपास. आणि संस्था जिथे राखणीचं काम करते त्या मावास भागात, तीन लाख हेक्टरांच्या दलदलीच्या जंगलात, मुळातच रानटी असलेले ओरांगउटान सुमारे अडीच हजार. त्यांना ना वनशाळा लागते, ना रेडिओ. त्यांना फक्त जमीन ओली लागते.

ही जमीन म्हणजे पीट. झाडं पाण्यात पडतात, पूर्ण कुजत नाहीत, आणि वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर या गतीने हजारो वर्षं थर साचतो. हातात घेतला तर चहाच्या भिजल्या चोथ्यासारखा, बहुतांश पाणीच. १९९५ मध्ये सुहार्तो सरकारने मध्य कालिमांतानातल्या दहा लाख हेक्टरांवर भात पिकवायचा हुकूम काढला. हजारो किलोमीटर कालवे खणले. भात झाला नाही, कारण ती माती आम्ल आणि निकस. पण कालव्यांनी पाणी ओढून नेलं, चोथा वाळला, आणि १९९७ मध्ये पेटला. २०१५ मध्ये एल निनोच्या वर्षात इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं आणि न्यारू मेंतेंगच्या पिल्लांना धुराने श्वसनाचे आजार झाले. आपल्याकडचा वणवा गवतावरून पुढे सरकतो, जाळरेषेशी अडतो. पीटची आग जमिनीखाली धुमसते. वरून पाणी मारलं तर पृष्ठभाग ओला होतो आणि दोन दिवसांनी दहा मीटरवर धूर निघतो. तिथे भोकं पाडलेली टोकदार नळी जमिनीत खुपसून आतून पाणी द्यावं लागतं, वाफ यायची थांबून गाळ थंड लागेपर्यंत. पाणी आणायचं कुठून? पीटच्या खालच्या वाळूपर्यंत खोल विंधन विहिरी आधीच घेऊन ठेवाव्या लागतात.

आग विझवण्यापेक्षा कालवा अडवणं स्वस्त. आपल्याकडचा वनराई बंधारा तुम्ही पाहिला असेल, गोण्या रचलेला; हा त्याचाच भाऊ. गेलाम झाडाच्या वाशांच्या दोन-तीन रांगा आडव्या ठोकायच्या, मध्ये जाड कापड, मग गोण्या. चुकतं कुठे? वासे खालच्या चिकणमातीत रुतले नाहीत, नुसते पीटमध्ये लटकले, तर बंधारा पहिल्याच पावसाळ्यात कलतो. गोण्यांत कोरडं पीट भरलं तर ते तरंगतं. एकच उंच बंधारा घातला तर पाणी खालून पोखरतं. म्हणून पायऱ्यांसारखे ओळीने बंधारे, दोघांमधला पाण्याचा फरक वीतभर. आणि सगळ्यात फसवं म्हणजे, वाळलेली जमीन दर वर्षी काही सेंटिमीटर खचते, कालव्याकाठी तर जास्तच. बंधारा तेवढाच राहतो, दोन्ही बाजूंची जमीन खाली जाते, आणि पाणी त्याला वळसा घालून निघून जातं. म्हणून बंधाऱ्याचे हात दोन्ही काठांच्या आत बरेच लांब न्यावे लागतात. इंडोनेशियाचा नियम सांगतो की पाणी जमिनीखाली ४० सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. ते मोजायला भोकं पाडलेला पाइप जमिनीत उभा करून पट्टीने बघायचं, बस.

आपल्या फरसाणाच्या कढईतल्या तेलाचा प्रश्न नेहमी येतो. जगात पाम तेल, म्हणजे याच तेलताडाचं तेल, सर्वाधिक आयात करतो तो भारतच. पण नुसता बहिष्कार घालून भागणार नाही, कारण तेवढंच तेल सूर्यफुलातून काढायचं तर कितीतरी जास्त जमीन लागेल. नवी लागवड पीटवर होऊ नये, ही मागणी त्यापेक्षा नेमकी आहे.

आणि हो, बंधारे फुटतात त्यातले बरेचसे पाण्याने फुटत नाहीत. कालवा खणला सरकारने, पण पंचवीस वर्षांत तो गावाचा रस्ता झाला. मासे, रबराचा चीक, वाळलेलं लाकूड सगळं त्यातूनच होडीने येतं. बंधाऱ्याने होडी अडली की रात्रीत चार गोण्या ओढल्या जातात, आणि पहाटेपर्यंत पुढचे सगळे बंधारे ताणाखाली येतात. म्हणून आता आराखड्यात मध्यभागी होडीच्या रुंदीचा उतरता सांडवा आणि त्यावर गुळगुळीत आडवे ओंडके ठेवतात, म्हणजे दोन माणसांनी होडी ओढून पलीकडे नेता येते. तो सांडवा किती रुंद ठेवायचा, हे अभियंता नाही, होडीवाले सांगतात.