खोक्यातलं घरटं
पाळीव उंदरांच्या घरगुती पैदाशीवरील लघुमाहितीपट – निवेदन

[दृश्य: मादी दातांत कागदाची पट्टी धरून खोक्यात शिरते. जवळून.]

ही एक पट्टी. आता दुसरी. पुढच्या दोन पायांनी दाबून बसवली, दातांनी काठ फाडला, की पुन्हा बाहेर. तासभर झाला, ती थांबलेली नाही.

गाभण राहून आज 21 दिवस झाले. उंदराची मादी 21 ते 23 दिवसांत विते. तिची ही पहिलीच वेळ, तरी घरटं कसं वाटीसारखं खोल झालंय बघा. नवजात पिल्लांना अंगाची ऊब टिकवता येत नाही, ती या वाटीतच साठते. म्हणून पिंजऱ्यात साधा, शाई नसलेला मऊ कागद भरपूर हवा. देवदार किंवा पाइनचा भुसा नको. त्याच्या उग्र वासाने यांच्या छातीला त्रास होतो.

[दृश्य: रात्र. मंद लाल उजेडात नर आणि मादी.]

तीन आठवड्यांपूर्वीची ही रात्र. मादीचे कान पाहा, कसे भरभर थरथरताहेत. ती माजावर आली आहे. दर चार-पाच दिवसांनी ती माजावर येते आणि तो माज जेमतेम अर्धा दिवस टिकतो, बहुधा रात्रीच. खोलीत रात्रंदिवस दिवा जळत राहिला तर हे चक्रच बिघडतं. अंधार तिला अन्नाइतकाच लागतो.

जोडी लावायची घाई मात्र करू नये. मादी पाच-सहा आठवड्यांची झाली की गाभण राहू शकते, पण तेव्हा ती स्वतःच वाढीची असते. ही पाच महिन्यांची आहे. अंगाने भरलेली, नाक कोरडं, श्वासात घरघर नाही. घरघरणाऱ्या मादीची जोडी लावूच नये. उंदरांच्या छातीत ठाण मांडणारा मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू गर्भाशयापर्यंतही पोचतो.

[दृश्य: पिंजऱ्याचा तळ साफ करणारे हात. मग भिंतीवरचा तापमापक.]

लघवीतून सुटणारा अमोनिया हे छातीचं दुखणं आणखी वाढवतो. आपल्या नाकाला वास येईपर्यंत थांबू नका. त्यांचं नाक तळापासून दोन बोटांवर असतं. तापमापकावर 22 अंश, आर्द्रता 50 टक्के. हवा फार कोरडी झाली, आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली गेली, तर पिल्लांच्या शेपटीवर आवळल्यासारखी वळी पडतात. उष्मा वाढला तर नराची प्रजननक्षमता घटते.

[दृश्य: वाटीतलं खाणं.]

खाण्यात कसर राहिली तर काय होतं, हे उंदरांनीच माणसाला दाखवलं. 1922 साली हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप या संशोधकांना दिसलं, की ठराविक आहारावरच्या माद्या गाभण राहतात, पण गर्भ पोटातच जिरून जातात. त्या आहारात जे कमी पडत होतं, त्याला पुढे ई जीवनसत्त्व म्हणू लागले.

[दृश्य: चादरीने झाकलेला पिंजरा. स्थिर.]

मादी व्याली तेव्हा कॅमेरा बंद होता. आम्ही शेजारच्या खोलीत बसून राहिलो. आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाजही तिला ऐकू येतात. गोंधळ झाला, घाबरली, तर पहिलटकरीण पिल्लं टाकते, कधी मारूनही खाते. नराला आधीच दुसऱ्या पिंजऱ्यात हलवलं होतं, कारण व्याल्यावर दिवसभरातच ती पुन्हा गाभण राहू शकते.

[दृश्य: तळहातावर एक पिल्लू. अगदी जवळून.]

दहा पिल्लं. हे एक, जेमतेम सहा ग्रॅमचं. डोळे मिटलेले, कान चिकटलेले. कातडी इतकी पातळ की पोटाच्या डाव्या बाजूला पांढरा पट्टा दिसतोय. ते दूध आहे. पट्टा दिसला, म्हणजे पिल्लू पोटभर प्यायलंय. आईला बारा सड, तेव्हा दहाही पिल्लांना जागा आहे. ती चाटते म्हणूनच त्यांना लघवी होते. तिच्या पाण्याची बाटली आता भराभर रिकामी होते; एक दिवसही ती कोरडी राहता कामा नये.

[दृश्य: पंधरावा दिवस. पहिला डोळा उघडतो. निवेदन नाही, 20 सेकंद.]

[दृश्य: दोन पिंजरे शेजारी शेजारी.]

पाच आठवडे पुरे व्हायच्या आत नर आणि माद्या वेगळे केले. सात पिल्लांची घरं जोडी लावण्याआधीच ठरलेली होती. तीन माद्या इथेच राहिल्या, आईजवळ.

[दृश्य: आई झोपलेली. तिच्या अंगावर तिघी.]