दोन तास बाकड्यावर

(केळीच्या बागांमधला रस्ता, मागे सातपुडा)

रावेर तालुक्यातली सकाळ. केळीचे ट्रक निघालेत आणि आशाताई तीन बायांना गरोदरपणातल्या शुगरच्या टेस्टसाठी घेऊन उपकेंद्राकडे चाललीये. सगळ्यात मागे चालतेय तिला तिसरा महिना लागलाय, शेजारीपाजारी अजून सांगितलेलं पण नाही.

(टेबलावर पुडी, ग्लास, चमचा)

75 ग्रॅम ग्लुकोज, 300 मिली पाणी. सिस्टर ढवळतेय बघा, खाली साखर राहायला नको. हे पाच-दहा मिनिटांत संपवायचं. उपाशी यायची अट नाही, चहा-भाकरी खाऊन आली तरी चालतं, आणि आमच्या मते हीच या टेस्टची सगळ्यात भारी गोष्ट, कारण शेतातून दोन-तीन किलोमीटर चालत येणाऱ्या बाईला उपाशी बसवलं तर ती परत येईलच असं नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर उद्या पुन्हा. सोबत आलेली सासू ग्लासाचा वास घेऊन विचारते, "हाई काय शे माय?"

(भिंतीवरचं घड्याळ, बाकडं)

आता दोन तास बसायचं. गप्पा, शेंगांचा विषय, कापसाचा भाव.

(बोटाला सुई, मशीनचा आकडा)

140 किंवा त्याच्या वर आलं की गरोदरपणातली शुगर. सगळ्यात मागे चालत होती तिची 152.

सरकारी नियमात ही टेस्ट दोनदा आहे, पहिली नाव नोंदवायला येते तेव्हाच आणि दुसरी 24 ते 28 आठवड्यांत. पण पहिली राहून जाते, "सातव्यात बघू" म्हणतात, आणि आमचं सगळं म्हणणं या सातव्याबद्दलच आहे. वारेतून येणाऱ्या हार्मोनमुळे शुगर पुढे वाढत जाते हे खरं, पण काहींची सुरुवातीलाच वाढलेली असते आणि सातव्यापर्यंत कोणाला पत्ताच नसतो. 2023 मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात भारतातल्या बाया पण होत्या. ज्यांना आधीच जोखीम होती आणि 20 आठवड्यांच्या आत उपचार सुरू झाले, त्यांच्यात बाळाला त्रास होण्याचं प्रमाण 100 मागे साधारण 30 वरून 25 वर आलं. आईच्या बीपीत फरक पडला नाही, तेही सांगितलं पाहिजे. उशीर झाला तर बाळ पोटात जास्त वाढतं, डिलिव्हरी अडते, जन्मल्यावर बाळाची शुगर एकदम उतरते.

(चूल, परातीत पीठ)

घरी काय बदललं? भात कमी, चहातली साखर बंद, आणि ही कळण्याची भाकरी, ज्वारीत उडीद दळलेला, ती तर आपल्याकडे आहेच की. दोन आठवडे असं खाऊन जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा तपासणी, तेव्हा 120 किंवा वर राहिली तरच गोळी नाहीतर इन्सुलिन.

(कार्डाचा क्लोजअप)

सिस्टरने पुढची तारीख लिहिली. आशाताईने कार्डाचा फोटो काढून नवऱ्याला व्हॉट्सअ‍ॅप केला.

(ती कार्ड पदरात धरून रस्त्याला लागते. निवेदन नाही.)