शेजाऱ्याला वायफाय द्या, पण पडवीतूनच

नमस्कार मंडळी! आमच्या इमारतीतल्या वॉचमनकाकांची मुलगी यंदा दहावीला आहे. तिचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, आणि माझं १०० एमबीपीएसचं कनेक्शन घरात नुसतं पडून असतं. तिला वायफाय द्यायचं हे ठरलेलंच होतं. कसं द्यायचं, एवढाच प्रश्न.

घरचा पासवर्ड सांगितला की तिचा फोन थेट माजघरात आला. तिथेच माझा लॅपटॉप, कॅमेरा, प्रिंटर. पोरीवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण फोनमध्ये एखादं घातक अ‍ॅप शिरलं असेल तर तिला तरी कुठून कळणार?

म्हणून पाहुण्यांना पडवी. राउटरखालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाका आणि ‘गेस्ट नेटवर्क’, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, सुरू करा. पाहुण्यांना लोकल नेटवर्क, म्हणजे घरातली उपकरणं, वापरू देण्याचा पर्याय असेल, तर तिथली टिक काढा. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा, पासवर्ड वेगळा. आणि राउटरचा स्वतःचा पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’च असेल, तर आधी तो बदला!

आता हे बघा. घरच्या वायफायवर ब्राउझरमध्ये प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता टाकला की त्याचं पान उघडतं. फोन गेस्टवर घेतला... तोच पत्ता... फिरतंय, फिरतंय... नाही उघडलं. छान! उघडलं असतं तर समजायचं, नुसतं दुसरं नाव मिळालंय, मधली भिंत नाही. फायबर कनेक्शनसोबत येणाऱ्या काही राउटरमध्ये असंच होतं, तेव्हा तपासल्याशिवाय कुणाला जोडू नका.

मग पासवर्डच कशाला, उघडंच ठेवूया की? नको. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा एक मेल गेला. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याला, एका परदेशी गृहस्थाच्या घरी. मेल त्यांनी लिहिलाच नव्हता. त्यांचं वायफाय भलत्याच कुणी वापरलं होतं. घरात नेटवर्क दोन असली, तरी बाहेर जगाला इंटरनेटवरचा पत्ता एकच दिसतो, तुमचा. म्हणून पासवर्ड ओळखीच्यांनाच द्या आणि अधूनमधून बदला.

चहाच्या टपरीवर अनोळखी गिऱ्हाइकांना नेट द्यायचंय? त्यासाठी केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. दुकानदाराला परवाना लागत नाही, आणि गिऱ्हाईक अ‍ॅपवर आपली ओळख पटवूनच आत येतं.