माया किती ठेवू?

(दादरच्या एका ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आज आपल्यात साक्षात माया आहे," आणि तुम्ही हसलात. हसा. साठ वर्षं ऐकतेय. नाव सांगितलं रे सांगितलं की समोरच्यातले शंकराचार्य जागे होतात. "म्हणजे सगळं मिथ्याच की!" विजेचं बिल भरायला मात्र कुणी मिथ्या म्हणत नाही.

विषय 'एक नाव, अनेक मुलुख' असा आहे. येते त्याकडे. आधी शिंपी.

लग्न ठरलं तेव्हा आई मला गिरगावात एका शिंप्याकडे घेऊन गेली. त्याचं नाव नाही सांगत. गळ्यात टेप, कानावर खडू. मापं घेता घेता, वर न बघता त्याने विचारलं, "माया किती ठेवू?" मी बावीसची, लाजरी. मला वाटलं, हा माझ्याबद्दलच बोलतोय! आई म्हणाली, "दोन्ही बाजूंना बोटभर ठेवा. लग्नानंतर लागते." तो हो म्हणाला आणि ठेवली नाहीन्. पहिल्या मंगळागौरीला ब्लाऊज चढेना, म्हणून आईने शिवण उसवली. आत बघते तर कापड शिवणीलगत कापलेलं. ती कडाडली, "मेल्याने माया खाल्ली!" बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं. "कोणी? किती लाखांची?"

बघा, एवढ्याशा दोन खोल्यांत माझं नाव म्हणजे शिवणीतलं कापड, वरकमाईचा पैसा आणि आजी डोक्यावरून हात फिरवायची ती माया. शंकराचार्य राहिले दाराबाहेर.

आमच्या सोसायटीच्या नेपाळी वॉचमनची बायको फोनवर माया, माया करते आणि मी दर वेळी खिडकीत जाते. नेपाळीत माया म्हणजे प्रेम. आता ती माझ्याकडे बघून हसते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

ऋग्वेदात इंद्र आपल्या मायांनी अनेक रूपं घेतो. तिथे माया म्हणजे अद्भुत सामर्थ्य, भ्रम हा अर्थ नंतर चढला. 'मा' म्हणजे मोजणे, या धातूशी बरेच अभ्यासक शब्दाचं नातं लावतात. म्हणजे टेप गळ्यात घातलेला आमचा लबाडच वेदाच्या जवळ! बुद्धाची आई मायादेवी. परंपरा सांगते की त्याच्या जन्मानंतर सातव्या दिवशी ती गेली. जपानमध्ये कोबे शहरामागे माया नावाचा डोंगर आहे, तो तिच्याच नावाचा.

ग्रीकांची माया ही हर्मीस या देवाची आई. त्यांच्या भाषेत हाच शब्द दाई, सुईण यांनाही लागतो. रोमनांकडेही माया देवी आहे, आणि मे महिन्याचं नाव सहसा तिच्याशी जोडतात. सोव्हिएत काळात मुलींची माया ही नावं 1 मेच्या कामगार दिनाशी जोडली जात. आपल्या महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर इथे कुणी ठेवलीत का? तिथली नर्तिका माया प्लिसेत्स्काया 1925ची. इस्राएलमध्ये मायाचं नातं पाण्याच्या हिब्रू शब्दाशी लावतात. अमेरिकन लेखिका माया अँजेलोचं मूळ नाव मार्गरिट. भाऊ लहानपणी इंग्रजीत 'माझी बहीण', म्हणजे 'माय सिस्टर', म्हणताना जे पुटपुटायचा, त्यातून माया झालं.

आणि मध्य अमेरिकेतली माया ही तर अख्खी जमात! 21 डिसेंबर 2012ला त्यांच्या पंचांगातलं तेरावं बक्तून संपत होतं. 1,44,000 दिवसांचा एक कालखंड, बस. पण दिवसभर मला फोन, "माया, आज जगाचा शेवट का गं?"

सांगायचं होतं ते इतकंच, की ही सगळी एका कुळातली नव्हेत. उच्चार जुळला म्हणून कुंडली जुळवू नका. कोबेच्या डोंगरापर्यंत आपल्याकडून नाव गेल्याची वाट तरी दाखवता येते. बाकीच्यांचं तसं...

अध्यक्षबाई उठल्याच. बरं, तो ब्लाऊज मी पिशवीत आणलाय. उसवलेली शिवण बघायची असेल त्यांनी चहाआधी पुढे या.