फडावरचा खोकला

(दृश्य: बीड जिल्ह्यातलं गाव. ट्रॅक्टरवर भांडी, गोधड्या, कोंबड्या चढताहेत.)

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी धारूर, वडवणी, केजकडची गावं रिकामी होऊ लागतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असते. ती फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता (ऊसतोडीत जोडीला ‘कोयता’च म्हणतात) पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात.

(दृश्य: फडाजवळ, कोपीच्या म्हणजे मजुरांच्या झोपडीच्या आत.)

वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. बांबूच्या कामट्या, वर पाचट आणि ताडपत्री. थंडी शिरू नये म्हणून फटीसुद्धा चिंध्यांनी बुजवल्यात. आईबाप, दोन लेकरं आणि रात्रभर खोकणारा दीर, सगळे इथंच झोपतात. टीबीचे जंतू खोकल्यातून हवेत जातात. उघड्यावर ते पांगतात. अशा कोंदट जागेत तासन्‌तास तरंगत राहतात.

जंतू शरीरात शिरला म्हणजे टीबी झालाच, असं मात्र नाही. लागण झालेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी हा रोग होतो. बाकीच्यांचं शरीर त्याला दाबून ठेवतं. मधुमेह असेल तर धोका दुप्पट-तिप्पट. एचआयव्ही, विडी, दारू यांनीही तो वाढतो. पण आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण आहे अर्धपोटी राहणं.

झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात एक अभ्यास झाला. टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्यानं होणारा टीबी जवळजवळ 40 टक्क्यांनी घटला. दीड किलो डाळीनं! लातूरच्या बाजारात तुरीच्या राशी लागतात, आणि तिथून फार लांब नसलेल्या गावातली, या कोपीतली आई पहाटे अंधारात भाकरी-ठेचा बांधून उसाच्या मोळ्या वाहायला निघते.

दिरानं खोकला अंगावर काढलाय. दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण ते किमान सहा महिने रोज घ्यावं लागतं. मध्येच सोडलं, तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच चालतो.

म्हणून थुंकीची तपासणी टोळी गाव सोडण्याआधी व्हावी, आणि मग पुन्हा थेट फडावर, म्हणजे ऊस तोडतात त्या शेतात. ज्याचे उपचार चालू आहेत, त्याची नोंद साखर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राकडे वळवता येते. तपासणीच्या दिवशीचा खाडा मुकादमानं धरू नये, ही जबाबदारी कारखान्यानं घ्यायला हवी.